बाविसावं वचन

"पुन्हा वाच," भिला सर म्हणाले. "आणि मराठीतून नाही. मुळातून, ग्रीकमधून वाच."

जामसिंग वळवींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चर्चच्या मागच्या खोलीत पंखा फिरत होता, पण त्याचा वारा कुणापर्यंत पोचत नव्हता. कागदी कपांतल्या चहावर साय धरली होती. टेबलाच्या एका बाजूला कमिटीचे चार पाळक बसले होते आणि चौघेही कधी ना कधी भिला सरांच्या वर्गात बसलेले होते. जामसिंग त्यांच्यात थोरले, आसपासच्या सगळ्या चर्च-मंडळ्यांवर देखरेख करणारे. दुसऱ्या बाजूला भिला मालचे सर, त्यांची मुलगी चेतना आणि चेतनाला डोंगरातून बसने खाली घेऊन आलेली फुलीबाई. टेबलाच्या टोकाला, दोन्ही बाजूंपासून सारखंच अंतर राखून, चेतनाचा नवरा बसला होता. पाळक भूपेश. मान खाली, हात जोडलेले.

चेतनाचा डावा हात ओढणीने गळ्यात बांधला होता. मनगट टरटरून सुजलं होतं आणि बोटं काळीनिळी पडली होती.

"सर, मुळातून कशाला?" जामसिंग हळू आवाजात म्हणाले. "वचन सगळ्यांना पाठ आहे. पत्नीने पतीच्या अधीन असावं. आपण इथे समेट करायला बसलोय."

"पाठ आहे ना? मग त्या वाक्यातलं क्रियापद दाखव मला."

जामसिंगांनी समोरच्या बायबलची पानं उलटली.

"दाखव! पौलाचं पत्र, पाचवा अध्याय, बाविसावं वचन. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत तिथे क्रियापद आहे का?"

"नाही, सर."

"मग कुठून आणायचं?"

"वरच्या वचनातून. एकविसाव्यातून."

"उसनं आणायचं! आणि एकविसाव्यात पौल काय म्हणतो? कुणी कुणाच्या अधीन व्हायचं?"

जामसिंगांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "एकमेकांच्या."

भिला सरांनी टेबलावर हात आपटला तसा चहा कपांतून उसळला. "एकमेकांच्या! मग माझ्या पोरीचा हात मोडून वर तिलाच हे वचन कसं ऐकवता तुम्ही? एवढं शिकवून तुम्हाला कळलंच नाही का रे?"

"कळलं होतं, सर," जामसिंग म्हणाले. त्यांचा आवाज अजूनही तितकाच मऊ होता. "तुम्ही हाच प्रश्न परीक्षेत विचारला होता आणि मला पैकीच्या पैकी दिले होते. पण सर, परीक्षा वेगळी आणि मंडळी वेगळी. मंडळीत उद्या प्रत्येक बाई उठून म्हणेल की क्रियापद उसनं आहे. मग घरं कशी चालायची?"

भिला सरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण त्या आगीत काहीतरी गारही होतं आणि ते त्यांना आजवर ठाऊक नव्हतं.

तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांच्या केळीत त्यांचे वडील पाणी धरायचे. तिथून उठून भिला मालचे पार बंगळूरला गेले. हिब्रू शिकले, ग्रीक शिकले. बरोबरीचे लोक परदेशी गेले, मोठ्या शहरांत गेले. हे मात्र ट्रंकभर पुस्तकं घेऊन परत आले आणि गावाबाहेरच्या, पाळक घडवणाऱ्या छोट्या सेमिनरीत उभी हयात शिकवत राहिले. धडगावची, अक्कलकुव्याची, तळोद्याची पोरं यायची. घरी भिली, नाहीतर पावरी. शाळेत जेमतेम मराठी. आणि सर त्यांना फळ्यावर ग्रीक क्रियापदं चालवून दाखवायचे. चुकलं की खडू भिरकावायचे. "एक अक्षर चुकलं की एक मंडळी भरकटते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोरं पाठीमागे नक्कल करायची, पण पुढे पाळक झाल्यावर स्वतःच्या प्रवचनात तेच वाक्य वापरायची.

सरांची पक्की समजूत होती की जगात जे वाईट चालतं ते अज्ञानाने चालतं. माणसाला मुळातलं वाचता आलं की तो सुधारतो. आणि आता समोर चार माणसं बसली होती. चौघांना मुळातलं येत होतं. चौघेही म्हणत होते, पोरीला परत पाठवा.

"फुलीबाई," कमिटीतला एक जण म्हणाला, "तुम्ही काय पाहिलं ते सांगा. पण जेवढं पाहिलं तेवढंच."

फुलीबाई भूपेशच्याच मंडळीतली. म्हसावदच्या पलीकडे, डोंगरात तिचं गाव. घरी ती पावरी बोलायची. इथे शब्द वेचून वेचून मराठी बोलली.

"मी दूध घेऊन गेली. दार उघडं होतं. ही खाली पडलेली. पाळकसाहेबाच्या हातात लाकूड होतं. कपडे धुवायचं, ते. मी ओरडली. तर ते बोलले, फुलीबाई, ही बाथरूममध्ये घसरली." ती थांबली. "माझ्या घरात बाथरूम नाही. पण घसरलेलं माणूस मला कळतं."

"याआधी कधी?"

"याआधी भिंतीतून आवाज आला. मी प्रार्थना केली. प्रार्थना करून घरात बसली. ती माझी चूक."

भूपेशने मान वर केली. त्याचे डोळे भरून आले होते. ते खोटं रडू नव्हतं आणि सरांना त्याचाच जास्त संताप आला.

"सर, माझं चुकलं," भूपेश म्हणाला. "मी देवापुढे कबूल केलंय. उपास धरलाय. मला क्षमा हवी. तुम्हीच शिकवलंत ना, सर, क्षमा या शब्दाचं मूळ काय ते. सोडून देणं. मोकळं करणं. मी तेच मागतोय."

भूपेश सरांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी होता. क्रियापदाचं कुठलंही रूप विचारावं, याचं उत्तर तयार. खडू भिरकावायची वेळ त्याने कधी येऊच दिली नाही. चेतना तेव्हा औषधाच्या दुकानात कामाला होती, डी.फार्म झालेली. सरांनीच घरी लग्नाचा विषय काढला होता आणि सरांनीच तो संपवला होता. असा मुलगा शोधून मिळायचा नाही, म्हणाले होते.

"सोडून देणं?" सर पुढे वाकले. "तेच क्रियापद पौल आणखी कुठे वापरतो? करिंथच्या मंडळीला लिहितो तेव्हा, सातव्या अध्यायात. कशासाठी वापरतो?"

"नवरा-बायकोने एकमेकांना सोडण्यासाठी, सर."

"मग! त्या अर्थाने सोडू का तुला?"

"पण सर," भूपेशने डोळे पुसले, "तिथे त्याच्या आधी नकार आहे. 'सोडू नये', असं आहे."

आणि एका क्षणापुरतं, अगदी एका क्षणापुरतं, भिला सरांना बरं वाटलं. पोरगा बरोबर होता. नकार होताच तिथे. वर्गात असता तर त्यांनी सगळ्यांना सांगितलं असतं, बघा, असं वाचायचं असतं. जामसिंगांच्या ओठांवरही किंचित हसू आलं. खोलीतला ताण सैल झाला. एकाने साय बाजूला सारून गार चहाचा घोट घेतला. सरांनी बोट उगारलं, "बरोबर, पण त्याच अध्यायात पुढे पंधराव्या वचनात..."

"आप्पा."

चेतना इतका वेळ एक शब्द बोलली नव्हती.

"आप्पा, त्यानी मन्हा हात मोडी टाका. आनि तुम्हीन त्यानासंगे क्रियापद धुंडी ऱ्हायनात."

सरांचं उगारलेलं बोट तसंच राहिलं.

"माले हात दुखी ऱ्हायना," ती म्हणाली. "कालपासून. अठे कोनी हात देखा नही. तुम्हीन भी नही."

मंडळीत, कमिटीत, कुणी अहिराणी बोलत नसे. तिथे शुद्ध मराठी चालायची, छापल्यासारखी. त्या खोलीत ते शब्द शेणामातीच्या पायांनी आल्यासारखे आले आणि कुणालाच त्यांच्याकडे सरळ बघता येईना.

भिला सर उठले. खुर्ची मागे पडली, ती त्यांनी उचलली नाही.

"ऊठ बेटा. दवाखानामा जाऊत."

"सर, प्रार्थना करून उठू या," जामसिंग म्हणाले.

"तुम्ही करा. तुम्हाला येते."

"सर, दवाखान्यात गेलात तर तिथून पोलिसांत जाईल. मंडळीचं नाव..."

सर दारातून वळले. त्यांचा आवाज आता चढला नव्हता, उतरला होता. "जामसिंग, मी तुला पैकीच्या पैकी दिले ना? ते परत घेता आले असते तर आज घेतले असते."

बाहेर ऊन रणरणत होतं. पुरुषोत्तमनगरकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडला होता. रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला. चेतना मधे, फुलीबाई एका बाजूला, सर दुसऱ्या बाजूला. खड्डा आला की चेतना दात आवळायची. सरांना काहीतरी बोलायचं होतं. चार भाषांमधले शब्द त्यांना येत होते, एकही जुळेना. शेवटी त्यांनी स्वतःचा तळवा तिच्या सुजलेल्या हाताखाली धरला, धक्का बसू नये म्हणून, आणि दवाखाना येईपर्यंत तसाच धरून ठेवला.

फोटो काढल्यावर डॉक्टरीण म्हणाली, दोन ठिकाणी मोडलंय. मग सरांकडे बघून तिने विचारलं, "कसं झालं?"

सरांचं तोंड उघडलं, पण चेतनाच आधी बोलली. "नवऱ्याने मारलं. धोपटण्याने." तेही शुद्ध मराठीत, एकेक शब्द सुटा करून.

संध्याकाळी पोलीस ठाण्यात हवालदाराने सरांना खुर्ची दिली, पाणी दिलं. त्याने चांगुलपणानेच सांगितलं, "सर, तुम्हीन शिकेल-सवरेल मानूस. जवाई पाळक शे. घरनं भांडन घरमा मिटाडा. पोरनं आयुष्य शे."

"तेच म्हनी ऱ्हायनू मी," सर म्हणाले. "पोरनं आयुष्य शे. लिखा."

हवालदार लिहू लागला. नाव, वय, पत्ता. लोणखेडा रस्ता. धंदा काय?

"शिकवायचो."

"काय शिकवत व्हतात?"

"ग्रीक."

हवालदाराचं पेन थांबलं. "ती कोठे बोलतस?"

सरांनी जरा विचार केला. "अठे कोठेच नही," ते म्हणाले.

त्याने 'सेवानिवृत्त शिक्षक' असं लिहिलं.

पुढे व्हायचं तेच झालं. भूपेशला जामीन मिळाला. त्याची त्या मंडळीतून बदली झाली, प्रकृतीच्या कारणाने, असं मंडळीत वाचून दाखवलं गेलं. चेतनाचं नाव त्यात कुठेच नव्हतं. फुलीबाईला बायकांच्या सभेतून काढलं. तिने फोनवर हे सांगितलं आणि वर म्हणाली, "बरं झालं. तिथे चटई मीच धूत होती." सर निवृत्त झाल्यावरही सेमिनरीत आठवड्याला एक तास घ्यायचे, हौसेने. प्राचार्यांचा फोन आला. प्रकरण निवळेपर्यंत विश्रांती घ्या, सर. विद्यार्थ्यांच्या मनावर परिणाम होतो.

"व्हायलाच पाहिजे," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या रात्री ते बायकोवर, जमनाबाईंवर, उगाच ओरडले, भाजीत मीठ नाही म्हणून. मीठ होतं. जमनाबाईंनी ताट उचललं आणि त्यांच्यासमोर पुन्हा आदळलं. "मन्हावर काबर वरडतस? मी तुम्हले तव्हयच सांगं व्हतं. पोऱ्या बोलस चांगला, पन पोर बोलनी की हाससच नही. आयकं का तुम्हनी?"

ऐकलं नव्हतं. सरांनी मुकाट्याने जेवण संपवलं.

रविवार आला तसे सर आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तयार झाले आणि दारात चपला घालता घालता थांबले. पाय पुढे पडेना. उपासनेत उभं राहून जामसिंगांच्या तोंडून आशीर्वाद घ्यायचा, हे त्यांच्याने होईना. ते आत येऊन बसले. जमनाबाई मात्र निघाल्या.

"तू जाई ऱ्हायनी?"

"मी काबर घर बठू? लाज त्याले वाटाले पाहिजे, माले नही. मी पुढेच बठसू. जामसिंगना तोंडपुढे. देखू दे त्याले मन्हाकडे."

आणि त्या दर रविवारी जात राहिल्या. पुढच्याच सतरंजीवर, सगळ्यात चांगलं लुगडं नेसून. गाणी मोठ्याने म्हणायच्या. दानाची पिशवी पुढे आली की जामसिंगांकडे बघत ती तशीच पुढे सरकवायच्या.

महिना झाला असेल. त्या रविवारी प्रभुभोजन होतं, भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांनी मिळून घ्यायचा विधी. उपासना सुटली असेल-नसेल तोच दाराशी जीप थांबली. जामसिंग एकटेच उतरले. त्यांच्या हातात तबक होतं, त्यावर क्रोशाचा पांढरा रुमाल. आजाऱ्यांना घरी जाऊन प्रभुभोजन देतात, तसं ते घेऊन आले होते. ते दारात उभे राहिले तेव्हा सरांना त्यांच्यातला जुना विद्यार्थी दिसला, धडगावहून पहिल्यांदा आलेला, चपला हातात घेऊन वर्गाबाहेर उभा असलेला.

"आत येऊ, सर?"

"तिथूनच बोल."

"सर, तुम्ही एकही प्रभुभोजन चुकवलं नव्हतंत. आज तुमची जागा रिकामी बघून मला घास गिळवेना. खरं सांगतो." जामसिंगांनी तबक थोडं पुढे केलं. "तुम्ही माझ्यावर रागवा. पण हे घ्या. याच्याशी भांडण नको."

सरांची नजर तबकावर गेली. रुमालाखाली छोट्या पेल्याचा आकार दिसत होता. त्यांना खरोखर तहान लागल्यासारखं झालं. कळायला लागल्यापासून ज्या एका गोष्टीबद्दल त्यांनी प्रश्न विचारला नव्हता, ती ही होती. त्यांचा हात चौकटीवरून सुटला.

"आणि सर," जामसिंग म्हणाले, "भूपेशभाऊ गाडीत आहेत. ते बोलणार नाहीत. नुसते बसतील. तुम्ही सगळ्यांनी एका तबकातून घेतलं तर सगळं मिटेल. कोर्टाचं मग आपण बघू."

सरांनी जीपकडे पाहिलं. काचेमागे मान खाली घातलेला माणूस होता, हात जोडलेला.

असा राग त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता. खडू भिरकावण्याचा नव्हता तो, टेबल आपटण्याचाही नव्हता. तो इतका स्वच्छ होता की त्यात त्यांचा आवाज जराही हलला नाही. त्यांनी मान वळवून आत हाक मारली.

"चेतना! भूपेश ई जायेल शे. जामसिंग तबक लई येल शे. समदासनी मिळी घेवानं म्हनस. काय सांगू?"

आतून भांड्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"सांगा, नही."

सर जामसिंगांकडे वळले. "ऐकलंस? की भाषांतर करून सांगू?"

"सर, तिला तिच्या मनाचं समजत नाही अजून. तुम्ही वडील आहात. तुम्ही तरी घ्या. तुमच्यापुरतं."

"माझ्यापुरतं नसतं ते. मीच शिकवलं तुला." त्यांनी रुमालाचं एक टोक वाऱ्याने उडालं होतं ते नीट केलं, फार हळू, पेल्याला धक्का न लावता. "झाकून ने. ऊन आहे."

जामसिंग तबक दोन्ही हातांनी छातीशी धरून जीपकडे गेले. जीप वळली, धूळ उडाली आणि ती खाली बसेपर्यंत सर दारात उभे होते. रस्त्याच्या टोकाला, चर्चकडून पायी येणाऱ्या बायकांमध्ये, जमनाबाईंचं हिरवं लुगडं दिसू लागलं होतं. त्या सगळ्यांच्या पुढे चालत होत्या.

सर आत आले. चेतना ओट्याशी उभी होती, प्लास्टरचा हात गळ्यात. परातीत ज्वारीचं पीठ घेऊन एका हाताने मळायचा प्रयत्न चालला होता. परात सरकत होती.

"सरक," सर म्हणाले.

त्यांनी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि हात पिठात घातले. पाणी जास्त झालं. त्यांनी पीठ टाकलं, मग ते कोरडं झालं. चेतना बघत राहिली. पहिली भाकरी थापताना कडा फाटल्या, वेड्यावाकड्या झाल्या. सरांनी ती पुन्हा मोडायला हात पुढे केला.

"चाली, आप्पा," चेतना म्हणाली. "टाका तव्यावर."